दोषारोपपत्र देवापुढे पसरताना

सरकारी भांडार सांभाळणाऱ्या माणसाच्या सहीला त्याच्या पगारापेक्षा जास्त किंमत असते, हे मला नोकरीला लागल्यावर लवकरच कळले. पुरवठादाराचे चलान, आवक नोंदवही आणि साठा नोंदवही या तिन्हींवर भांडारपालाची सही झाली की देयक लेखा शाखेकडे जाते आणि पैसे सुटतात. माल खरोखर आला की नाही, हे पाहायला पुढे सहसा कोणी येत नाही. नागपुरातील एका शासकीय कार्यालयात मी हे काम करत होते आणि विजेच्या तारांची बंडले, दिवे, मोटारींचे सुटे भाग असा माल माझ्या ताब्यात असे. एका मार्चमध्ये, निधी परत जाऊ नये म्हणून जी धावपळ दरवर्षी चालते त्या धावपळीत, न आलेला माल आल्याचे लिहून देण्याची गळ मला घालण्यात आली. मी सही केली नाही. त्या नकारानंतर कोणी आवाज चढवला नाही, उलट सगळे पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले. लोण्याहून मऊ तोंड आणि मनात मात्र लढाई, असे वर्णन बायबलमधल्या पंचावन्नाव्या स्तोत्रात आहे. ते लहानपणापासून ऐकलेले असूनही त्याचा अर्थ मला त्या वर्षी उमगला.

डिसेंबरमध्ये मी नाताळाच्या मंजूर रजेवर असताना अचानक साठा पडताळणी झाली. कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने भांडार उघडण्यात आले, माझ्या गैरहजेरीत मोजणी झाली आणि तारांची बंडले व दिवे मोठ्या प्रमाणात कमी भरल्याचा पंचनामा तयार झाला. नवीन वर्ष लागताच निलंबनाचा आदेश घरी आला.

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे नियम सांगतो. परंतु ज्याच्या घरी तो कागद येतो त्याला हे पटवून देणे कठीण आहे. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावरील महागाई भत्ता मिळतो, तोही दर महिन्याला आपण दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र दिल्यावर. परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, त्यामुळे अमरावतीला सख्ख्या भाचीचे लग्न असतानाही मला अर्ज करून वाट पाहावी लागली. सदर भागातील आमच्या जुन्या गल्लीत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. भाजीवालीसुद्धा, "काहून बाई, सुट्टीवर आहे का?" असे विचारून माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहत राहायची.

आमच्या चर्चच्या मंडळीतील लोक आले, आणि ते आले याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. बहुतेकांनी एक्क्याण्णवावे स्तोत्र वाचले. बाजूला सहस्र आणि उजव्या हाताला दहा सहस्र पडले तरी ते तुझ्याजवळ येणार नाही, हे शब्द ऐकताना बरे वाटत होते. परंतु एकाने ते स्तोत्र छापलेले कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवून "हे जवळ असू द्या, काही होणार नाही" असे म्हटले तेव्हा मी अस्वस्थ झाले. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र सैतानाच्या तोंडी आहे. मंदिराच्या शिरोभागावर येशूला उभे करून तो म्हणतो की खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असे लिहिलेले आहेच. आणि येशू ती उडी टाकत नाही. देवाचे संरक्षण हा आपल्या खिशातला ताईत नव्हे, हे प्रभूने तिथे ठरवून टाकले आहे.

माझे वडील हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. ते आम्हांला स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी सांगत असत. स्कॉटलंडहून 1845 साली नागपुरात आलेल्या या मिशनऱ्याने इथे शाळा उघडली, मध्य भारतातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास केला, आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 साली सुरू झाले. वडील हे सांगून झाल्यावर नेहमी विचारायचे की एक्क्याण्णवावे स्तोत्र त्या माणसाला पाठ नव्हते काय? त्यांनी उत्तर कधी दिले नाही. निलंबनाच्या त्या महिन्यांत तो प्रश्न माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला, कारण माझी नोकरी वाचेलच असे देवाने मला कुठेही लिहून दिलेले नव्हते.

आमच्या पाळकीणबाईंनी मला वेगळीच वाट दाखवली. त्यांनी सांत्वनाची वचने बाजूला ठेवली आणि मला स्तोत्रकर्त्या दावीदाच्या तक्रारी वाचायला सांगितल्या. एकोणसाठाव्या स्तोत्राचा मथळा सांगतो की शौल राजाने दावीदाला मारण्यासाठी त्याच्या घरावर माणसे पाळतीला बसवली तेव्हाचे ते स्तोत्र आहे. सत्तावन्नावे स्तोत्र तो गुहेत लपलेला असतानाचे आहे. एकोणसाठाव्यात, शत्रू संध्याकाळी परत येतात, कुत्र्यांसारखे गुरगुरतात, नगरभर फिरतात, असे तो देवाला स्पष्ट सांगतो. एकशे नवव्या स्तोत्रातील शाप तर इतके कडक आहेत की ते आमच्या उपासनेत मी फारसे ऐकलेले नाहीत. मी विचारले, "ख्रिस्ती माणसाने हे म्हणावे का?" त्या म्हणाल्या, "देवापुढे म्हणावे. कार्यालयात म्हणू नये." मी रात्री स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन ते स्तोत्र मोठ्याने वाचत असे. ज्यांची नावे मनात येत ती देवाला सांगून टाकली की दुसऱ्या दिवशी ती नावे घेऊन गल्लीत कोणापाशी बोलण्याची गरज उरत नसे. सूड घेणे माझे काम आहे, असे परमेश्वर म्हणतो, हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले वचन मी तोपर्यंत आज्ञा म्हणून वाचत आले होते. त्या रात्रींत ते मला सवलतीसारखे वाटू लागले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या एका निकालानंतर, तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. माझे दोषारोपपत्र ती मुदत संपता संपता आले. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांतील नियम 8 खाली, म्हणजे जबर शिक्षेसाठी, ती चौकशी होती. चार जोडपत्रे होती: पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची. चौथे जोडपत्र मी सर्वांत आधी उघडले. त्यात ज्या सहकाऱ्याचे नाव होते त्याच्या घरी मी मुलीच्या बारशाला गेले होते, आणि त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी आम्ही भांडारातल्या स्टुलावर बसून वाटून खाल्ली होती.

2 राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हिज्कीया राजाला अश्शूरच्या राजाचे धमकीपत्र मिळते. तो ते वाचतो, परमेश्वराच्या मंदिरात जातो आणि ते पत्र परमेश्वरापुढे पसरतो. मी तसेच केले. एप्रिलची दुपार होती, कूलर पूर्ण वेगात होता, त्यामुळे जोडपत्रे उडू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर त्यांच्या कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याचे घर आणि पोळपाट ठेवावे लागले. गुडघे टेकून प्रार्थना करताना मला शब्द सुचत नव्हते, म्हणून मी दोषारोपच क्रमाने वाचले. "आरोप क्रमांक एक, अपचारी कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर शासकीय साहित्याचा अपहार केला," असे देवाला वाचून दाखवताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की विवरणात तफावत आहे, पण ती तफावत कोणत्या तारखेपासूनची आहे हे कुठेच सांगितलेले नाही. प्रार्थनेत असा तांत्रिक मुद्दा सापडावा याचे काहींना हसू येईल. मला आले नाही. याच हिज्कीयाने शत्रू चालून येत असताना नगराबाहेरचे झरे बुजवले, पडलेला तट बांधून काढला आणि पाणी नगरात आणले. पत्र देवापुढे पसरणे आणि झरे बुजवणे ही त्याच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचेही तसेच. त्याच्याविरुद्ध कट झाला तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, असे एकाच वचनात आहे. सनबल्लट आणि गेशेम या शत्रूंनी त्याला ओनोच्या मैदानात भेटीला या असे चार वेळा कळवले, त्याने चारही वेळा आपण मोठ्या कामात असल्याचे उत्तर दिले, आणि तट 52 दिवसांत पुरा झाला. मलाही 'आपसांत बसून मिटवू' असा निरोप आला होता. मी कळवले की जे बोलायचे ते चौकशी अधिकाऱ्यांसमोर बोलू.

बचाव सहायक म्हणून मी आमच्या शेजारच्या वस्तीतील एका निवृत्त कार्यालय अधीक्षकांना विनंती केली. ते दीक्षाभूमीवर दर विजयादशमीला न चुकता जाणारे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेने ठेवणारे गृहस्थ. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकले, "ताई, मी देवबिव मानत नाही. पण नियम 8 मानतो." त्यांच्याइतका काटेकोर माणूस देवाने माझ्यासाठी दुसरा शोधला असता का, असे मी त्यांना एकदा विचारले, त्यांनी विषय बदलला. लेखी निवेदनात सर्व आरोप नाकारायचे आणि बचाव आताच उघड करायचा नाही, मूळ कागदपत्रांची पाहणी मागायची, पाहणी करताना प्रत्येक पानाचा क्रमांक लिहून घ्यायचा, जे दिले नाही ते 'दिले नाही' असे रोजनाम्यात नोंदवून घ्यायचे, हे सगळे त्यांनी मला शिकवले.

पाहणीच्या दिवशी एका शिपायाने मला पाण्याचा पेला दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, गेटवरची वही मागून घ्या न जी. बाकी मी काही बोललो नाही." एवढेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात, कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला ठार मारल्याशिवाय खाणार-पिणार नाही अशी शपथ चाळीसहून अधिक माणसांनी घेतल्याचे सांगितले आहे. तो कट पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी पडतो, तो गढीत जाऊन पौलाला सांगतो, पौल त्याला सरदाराकडे पाठवतो, आणि त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालेकरी यांच्या बंदोबस्तात पौलाला कैसरियाकडे रवाना करण्यात येते. या अध्यायात समुद्र दुभंगत नाही आणि तुरुंगाची दारे आपोआप उघडत नाहीत. आदल्या रात्री प्रभू पौलाजवळ उभा राहून 'धीर धर' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे नावही लिहिलेले नाही असा एक मुलगा योग्य वेळी योग्य ठिकाणी असतो. (त्या चाळीस जणांच्या उपासाचे पुढे काय झाले, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक याने सांगायला हवे होते.)

फाटकावरील नोंदवही तिसऱ्या जोडपत्रात नव्हती, म्हणून कार्यालयाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. जादा कागदपत्र मागताना त्याचा बचावाशी संबंध दाखवावा लागतो. तो आम्ही लेखी दाखवला आणि चौकशी अधिकाऱ्यांनी वही मागवली. लांबट, पुठ्ठ्याची, पावसात भिजून कोपरे फुगलेली ती वही टेबलावर आली तेव्हा तिला बिडीचा वास येत होता. 27 डिसेंबरच्या पानावर, पहारेकऱ्याच्या तिरप्या अक्षरात, संध्याकाळी एक मालवाहू गाडी 'इलेक्ट्रिक सामान' घेऊन बाहेर गेल्याची नोंद होती आणि पुढच्या, गेटपास क्रमांकाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. त्या दिवशी मी रजेवर होते. माझ्या ताब्यातली किल्ली मी रजेवर जाताना कार्यालयात जमा केली होती आणि तिची पोच माझ्याकडे होती.

त्या सहकाऱ्याची साक्ष मे महिन्यात झाली, बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना. सरतपासणीत त्याने शिकवल्याप्रमाणे सांगितले की आपण मला वेळोवेळी माल बाहेर काढताना पाहिले आहे. उलटतपासणीच्या आदल्या संध्याकाळी बचाव सहायकांनी मला विचारले होते की या माणसाविषयी आणखी काही ठाऊक आहे का. मला ठाऊक होते. त्याच्या एका वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या देयकात काय होते, हे त्याने स्वतःच त्या स्टुलावर बसून मला विश्वासाने सांगितले होते, आणि ते उघड झाले असते तर त्याचीही चौकशी लागली असती. मी एन-गेदीच्या गुहेचा विचार केला. शौल तीन हजार माणसे घेऊन दावीदाला शोधत असतो आणि तो नेमका त्याच गुहेत येतो. दावीदाचे सोबती म्हणतात की देवाने शत्रू तुझ्या हाती दिला आहे. दावीद फक्त झग्याचा काठ कापतो आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला टोचते. संधी समोर आली म्हणजे ती देवानेच पाठवली, असे नसते. मी बचाव सहायकांना सांगितले की प्रकरणाशी संबंध नसलेले काही विचारायचे नाही. ते रागावले. "हे युद्ध आहे ताई, प्रार्थना सभा नाही," असे म्हणाले, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साक्षीदाराला फक्त तारखा विचारल्या. कोणत्या दिवशी पाहिले, कोणत्या वाहनातून नेले, तक्रार कोणाकडे केली, आणि केली नसेल तर का नाही. मग फाटकाची वही पुढे केली. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला आणि शेवटी "मला आठवत नाही" एवढे म्हणाला. तेच उत्तर पुढच्या प्रत्येक प्रश्नाला आले आणि तसेच लिहून घेतले गेले. त्या क्षणी मला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो सुटकेचा, आणि तो खटल्याच्या सुटकेचा नव्हता. आदल्या रात्री मी जे बोलू शकले असते ते बोलले नव्हते, म्हणून मला त्याच्याकडे सरळ पाहता येत होते.

चौकशी संपली तरी निकाल लगेच येत नाही. अहवाल, त्याची प्रत, त्यावरचे अभिवेदन, मग शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा आदेश, असा तो प्रवास असतो आणि प्रत्येक टेबलावर तो रेंगाळतो. माझ्या दृष्टीने हा काळ सुनावण्यांपेक्षा अवघड होता, कारण करण्यासारखे काही उरले नव्हते. या काळात मी दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायावर थांबले. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला अग्नीच्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने तसे केले नाही तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. 'आणि त्याने तसे केले नाही तरी' हा भाग आपण साक्ष देताना गाळतो, असे माझे मत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद याकोबाला तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. दोघेही त्याच प्रभूचे, दोघांसाठी मंडळी तीच. याकोबाचा विश्वास कमी पडला असे लूक म्हणत नाही. नोकरी गेली तर काय करायचे याचा हिशेब मी आणि माझ्या यजमानांनी त्या महिन्यांत कागदावर मांडला: शिवणकाम, शिकवण्या, सोने किती. तो कागद मांडल्यावर मला झोप लागू लागली.

आदेश आला तो असा की दोषारोप सिद्ध होत नाहीत. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरण्याचा आदेश वेगळा काढावा लागतो, तो पुढे निघाला आणि फरकाची रक्कम आणखी पुढे मिळाली. मला पुन्हा भांडार मिळाले नाही. आस्थापना शाखेत टेबल देण्यात आले. ज्यांनी हे घडवले त्यांच्यापैकी कोणावरही काही कारवाई झाली नाही. मंडळीतील काहींना याचे वाईट वाटते. एस्तेरच्या पुस्तकात हामानाने मर्दखयासाठी उभारलेल्या 50 हात उंच खांबावर हामानच लटकतो, तसा शेवट त्यांना हवा होता, आणि खरे सांगायचे तर एखाद्या दिवशी मलाही हवासा वाटतो. मग ते एकशे नववे स्तोत्र पुन्हा उघडते. तो सहकारी जिन्यात भेटतो. पहिले काही महिने तो वळून दुसऱ्या मजल्यावरून जात असे, आता "बरं आहे ना?" विचारतो आणि मी "बरं आहे, तुमची मुलगी कितवीत गेली?" विचारते. याहून जास्त सलोखा झालेला नाही आणि तो झाला असे मी कोणाला सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतला एक तरुण कारणे दाखवा नोटीस घेऊन घरी आला. पाळकीणबाईही तेव्हा बसलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे, आधी प्रार्थना. माझे म्हणणे, नोटिशीची मुदत परवा संपते, आधी कागदपत्रांच्या प्रती मागणारा अर्ज. शेवटी नोटीस टेबलावर पसरून त्यांनी थोडक्यात प्रार्थना केली आणि 'आमेन' होताच मी त्याला कोरा कागद दिला. मसुदा सांगून झाल्यावर त्याला बजावले की अर्ज टपालाने पाठवू नकोस, स्वतः आवक शाखेत दे, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.